गव्हाला केंद्र आहे, लेथला नाही

दर हिवाळ्यात चार-दोन दिवस निफाडचे नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत येते. पारा घसरला, निफाड गारठले, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, अशी ती बातमी असते. तिच्यातला तापमानाचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. थंडी मोजणे हा त्याचा जोडधंदा, खरे काम गव्हाचे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘समाधान’ ही वाणे इथली. तांबेऱ्याला दाद न देणारा, एखादे पाणी चुकले तरी तग धरणारा गहू शोधायचा, तो शेतकऱ्याच्या वावरात लावून पाहायचा, फसला तर पुन्हा केंद्राच्या वाफ्यात आणायचा, हे काम इथे वर्षानुवर्षे चालू आहे.

याच कुंदेवाडीच्या आसपास, निफाड ते पिंपळगाव, ओझर, चांदोरी, लासलगाव अशा रस्त्यांच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक उद्योग चालतो. तिथे द्राक्षबागेत फवारणी करणारे ब्लोअर बनतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात, कांदा निवडण्याची यंत्रे बनतात, रोटाव्हेटरची मोडलेली पाती बदलून मिळतात. या शेडमधल्या लेथसाठी कुंदेवाडीसारखे काही नाही. मी तालुक्यातल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरची तीनेक वर्षे या शेडमधून हिंडलो. लघुउद्योगांनी नवे तंत्रज्ञान घ्यावे, उत्पादकता वाढवावी, यासाठी सरकारने योजना भरपूर आणल्या आहेत. त्या योजनांचे पुस्तकी मूल्यमापन पुष्कळ झाले. मला पाहायचे होते ते शेडच्या बाजूने.

निफाडमधून हा प्रश्न विचारायला आणखी एक निमित्त आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. बालपण कोल्हापुरात गेले, कर्तृत्व पुण्या-मुंबईत. निफाडशी त्यांचा संबंध जन्मापुरताच म्हणावा लागेल. पण सरकारने देशी उद्योगांसाठी नेमके काय करावे, याचा पद्धतशीर विचार करणाऱ्या पहिल्या काही भारतीयांत ते होते. त्यांच्याकडे नंतर येतो. आधी शेडमध्ये जाऊ.

माझ्या चुलतभावाचे वर्कशॉप रस्त्याला लागून, वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यावर आहे. दोन जुने लेथ, एक शेपर, एक रेडियल ड्रिल, वेल्डिंगची तीन मशीन, सात माणसे. ब्लोअर आणि ट्रॉल्या हा मुख्य धंदा. काही वर्षांपूर्वी त्याने एका भांडवली अनुदानाच्या योजनेतून सीएनसी लेथ घेतला. त्यासाठी आधी जमीन बिनशेती करावी लागली, कारण नुसत्या सातबाऱ्यावर उभ्या असलेल्या शेडला बँक कर्ज देईना. मग तीन कोटेशन, सीएकडून प्रकल्प अहवाल, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, वाढीव वीजभार. यंत्र आले त्या दिवशी पेढे वाटले. मीही हार घालायला होतो.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्या यंत्रावर ताडपत्री होती. बिघडले होते असे नाही. ते चालवणारा मुलगा नाशिकच्या अंबडला जास्त पगारावर गेला होता. दुसरा मुलगा प्रोग्राम लावायचा, पण विजेचा दाब वरखाली झाला की यंत्र मध्येच थांबायचे आणि अर्धवट कापलेला तुकडा भंगारात जायचा. त्याहून मोठी अडचण कामाची होती. तो लेथ आठ तास चालवायचा तर दिवसाला शेकड्यांनी एकसारखे बुश आणि पिना हव्यात. ब्लोअरला त्या लागतात, पण महिन्याची गरज तो चार दिवसांत कापून टाकतो. उरलेल्या दिवसांचे काय? चुलतभाऊ म्हणाला, “हत्ती घेतला, आता ऊस कुठून आणू?” हप्ता मात्र तीस दिवसांचा होता.

आता योजनांकडे पाहू. यंत्रखरेदीवर भांडवली अनुदान देणारी केंद्राची सर्वांत परिचित योजना २००० साली सुरू झाली. २००५ पासून तिच्यात १ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५ लाख रुपये मिळत. कोणत्या धंद्यांत कोणती यंत्रे ‘सुधारित’ मानायची याची यादी ठरलेली होती. ५१ उपक्षेत्रे तिच्यात होती. मार्च २०२० अखेर तिची मुदत संपली. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जून २०२० मध्ये आलेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख देते. ‘झेड’ प्रमाणपत्राची योजना २०२२ मध्ये नव्या रूपात आली: कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या, आणि प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट. मार्च २०२३ मध्ये ‘लीन’ योजना पुन्हा सुरू झाली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते.

या योजना वाईट नाहीत. अंबड-सातपूरच्या वसाहतींत भांडवली अनुदानाचा चांगला उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण तिथे यंत्र येण्याआधी मागणी आलेली असते. सातपूरला महिंद्रा आहे, बॉश आहे. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यात मोठ्या कंपनीचा इंजिनिअर येतो, माप तपासतो, नापास माल परत पाठवतो, कुठे चुकले ते सांगतो, महिन्याने पुन्हा येतो. कारखानदार त्याला शिव्या घालतो आणि त्याच्याकडून शिकतो. अनुदानाने तिथे यंत्र स्वस्त केले. यंत्र चालवायला शिकवले ते गिऱ्हाइकाने. निफाडच्या शेडचे गिऱ्हाईक शेतकरी. तो ब्लोअर नेतो, मोडला की आणून टाकतो आणि भांडतो. का मोडला ते त्याला माहीत नसते, आणि बनवणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते.

योजनेचा हिशेब कुठे संपतो हे पाहण्यासारखे आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्जदाराला मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. ही कल्पना मला मनापासून आवडली. पण तिचा मोबदला कशावर ठरवला? मंजूर झालेल्या कर्जावर, प्रत्येकी २० हजार रुपये: निम्मे मंजुरीनंतर, उरलेले नोंदण्या, प्रशिक्षण इत्यादी होऊन उद्योग सुरू झाल्यावर. म्हणजे पापडाचे यंत्र सुरू झाले की मदतनिसाचे काम आणि मोबदला दोन्ही संपले. पापड पहिल्या पावसाळ्यात का वाकतात, ओलावा किती राहिला, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. अनुदानाची रक्कम तीन वर्षे कर्जखात्याशी जोडून ठेवतात आणि उद्योग चालू आहे, कर्ज थकलेले नाही, एवढे पाहून वळती करतात. जनतेच्या पैशाच्या दृष्टीने ती खबरदारी योग्यच आहे. मात्र यंत्र दिवसाला किती तास चालते, माल किती वाया जातो, हे तिच्यात कोणी विचारत नाही. सगळा कागद ‘यंत्र आहे’ एवढेच सिद्ध करतो. चुलतभावाचे यंत्रही ताडपत्रीखाली होतेच.

त्याच्या धंद्याचे खरे दुखणे वेगळे होते. ते कळायला यंत्रानंतरची दोन वर्षे गेली. ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणीची घाई सुरू होते. डाऊनी, भुरी वाट पाहत नाहीत. सकाळी ब्लोअर बंद पडला आणि त्यात पाऊस झाला, तर बागाईतदाराची वर्षभराची कमाई धोक्यात येते. नेमक्या त्या दिवसांत याचे ब्लोअर परत यायचे, पंख्याची बेअरिंग गेलेली. त्याला वाटे बेअरिंगच खोटी मिळते. मग वाटले पंख्याच्या हबचे भोक नीट बसत नाही, म्हणून तर सीएनसी घेतला. भोक आता केसाइतकेही चुकत नव्हते, तरी बेअरिंग जातच होती.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर त्याच्या ओळखीचे होते. ओझरला मिग विमाने बनवण्याचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला, आणि ओझर निफाड तालुक्यातच आहे, हे पुष्कळांना सांगावे लागते. हे काका एका रविवारी सहज आले. पंखा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, “याची पाती जोखली का कधी?” जोखली नव्हती. पाती गॅसने कापून, वाकवून, वेल्ड करून बसवलेली. एकीत वेल्ड जास्त, एकीत कमी. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पंख्याची एक बाजू जराशी जड असली, तरी प्रत्येक फेऱ्याला ती बेअरिंगला धक्का देते. काकांनी लोखंडी दोन पट्ट्या समतल बसवून एक घोडा बनवून घेतला. पंखा शाफ्टला लावून त्या पट्ट्यांवर ठेवायचा. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथले थोडे घासायचे, पुन्हा ठेवायचा. कुठेही ठेवला तरी थांबेल असा झाला की काम झाले. पाती बसवण्याआधी वजनकाट्यावर जोखून समोरासमोर सारख्या वजनाच्या घ्यायच्या. हा तराजू कांदा-द्राक्षांच्या गावात मिळायला अडचण नव्हती. पुढच्या हंगामात परत आलेले ब्लोअर बोटांवर मोजण्याइतके होते. घोड्याचा खर्च भंगारातल्या लोखंडाएवढा.

हा पुरता इलाज नाही, हे काकाही सांगतात. पंखा प्रत्यक्ष वेगात फिरवून तोल पाहणारे यंत्र असते, ते लावले तर काम आणखी चोख होईल. ते यंत्र एकट्या वर्कशॉपने घेण्यासारखे नाही; दहा-वीस वर्कशॉपना मिळून एक पुरे. पण त्या यंत्राची गरज आहे हे कळायलाच आधी कोणीतरी येऊन पंखा हातात घ्यावा लागतो. चुलतभावाने कर्जासाठी कितीतरी टेबले पाहिली. तुमचा माल का परत येतो, असे एकाही टेबलावर त्याला विचारले नाही. टेबलावरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

इथे रानड्यांकडे वळतो. १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरू लागल्या, पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक संघटना उभी राहिली, आणि या सगळ्यामागे रानडे होते. परिषदांसाठी आणि त्याच सुमारास त्यांनी लिहिलेले निबंध १८९८ मध्ये हिंदी अर्थशास्त्रावरील निबंधांच्या पुस्तकात एकत्र आले. सरकारने उद्योगांत हात घालू नये हे त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राचे ब्रीद. रानड्यांनी १८९२ च्या डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात ते सरळ नाकारले. जो नियम इंग्लंडच्या परिस्थितीतून निघाला तो हिंदुस्थानला जसाच्या तसा लागू होत नाही, जर्मनीचेही हेच म्हणणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद. जावा बेटावरच्या डच राजवटीचा अभ्यास करून त्यांनी सुचवले की लोकांच्या बचतीतून जमणारा पैसा सरकारने कमी व्याजाने जिल्हा आणि शहर समित्यांना द्यावा, आणि समित्यांनी तो उद्योजकांना द्यावा. आपल्या आजच्या जिल्हा उद्योग केंद्रांची (ती १९७८ मध्ये आली) आणि व्याजसवलतींची पुसट आकृती या सूचनेत दिसते.

मराठीत रानड्यांवर लिहिताना त्यांच्या या निबंधांचे कौतुक करण्याची पद्धत आहे. मी दोन ठिकाणी थांबतो. पहिले म्हणजे जावाचे उदाहरण. तिथल्या डच पद्धतीत सरकार शेतकऱ्याकडून निर्यातीचे पीक सक्तीने काढून घेत असे. तिच्यातल्या जुलमावर हॉलंडमध्येच १८६० मध्ये एक गाजलेली कादंबरी निघाली होती. रानड्यांना सक्ती नको होती, हे स्पष्ट आहे. पण आगाऊ पैसा देणारे सरकार आणि तो घेणारा शेतकरी यांच्यातल्या बळाच्या फरकावर त्यांनी पुरेसा जोर दिला नाही, असे मला वाटते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाला जवळची. रानड्यांच्या मनातला उद्योग भांडवलाच्या अभावी अडलेला असतो. लोखंड उद्योगातल्या आरंभीच्या प्रयत्नांवरचा त्यांचा १८९२ चा निबंध वाचावा. मद्रास इलाख्यातले पोर्टो नोव्हो, कुमाऊं, बंगालचे बराकर, एकेक भट्टी कशी पेटली आणि विझली याची ती हकीकत आहे. जळण संपले, पैसा अपुरा पडला, सरकारने हात आखडता घेतला, ही कारणे तिच्यात येतात. भट्टीवर काम करणाऱ्याच्या हाताला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, ते कोण शिकवणार होते, याला त्या विचारात जागा कमी आहे.

तरी रानड्यांकडे एक गोष्ट होती, ती आजच्या योजनांतून गळाली आहे. सरकारने देशी माल विकत घ्यावा, कर्ज आणि गिऱ्हाईक यांचा विचार एकत्र करावा, हे त्यांनी ओळखले होते. आजच्या सरकारची खरेदीची योजना आहे, नाही असे नाही. २०१२ च्या आदेशानुसार केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी ठरावीक वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. २०१८ मध्ये तो २५ टक्के केला. पण द्राक्षबागेचा ब्लोअर कुठले मंत्रालय विकत घेणार?

ब्लोअरसाठी सरकारी पैसा येतो तो दुसऱ्याच दारातून. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून शेतकऱ्याला अवजारखरेदीवर अनुदान मिळते. अर्ज ‘महाडीबीटी’वर करायचा. अट अशी की अवजाराला मान्य चाचणी केंद्राचा अहवाल हवा. अट योग्य आहे. शेतकऱ्याच्या गळ्यात कसलेही यंत्र पडू नये. परिणाम मात्र असा होतो की चाचणीचा खर्च, वेळ आणि कागद ज्यांना झेपतो त्या मोठ्या कंपन्यांचा ब्लोअर अनुदानाने स्वस्त होतो आणि निफाडच्या शेडमधला तुलनेने महाग ठरतो. उद्योग खाते चुलतभावाला यंत्र घ्यायला पैसे देते. कृषी खाते त्याच्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा ब्लोअर घ्यायला पैसे देते. दोन्ही खाती आपापल्या अहवालात यशस्वी असतात. चाचणीचा खर्च आणि चाचणीत निघालेले दोष दुरुस्त करून देणारा माणूस, एवढे जर उद्योग खात्याने दिले असते, तर १५ टक्क्यांच्या अनुदानापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असता, असे माझे मत आहे.

लहान माणूस नवे तंत्र घेत नाही, तो जुन्याला चिकटलेला असतो, असे सरकारी परिसंवादांत हमखास ऐकू येते. निफाड तालुक्यात उभे राहून हे म्हणणे कठीण आहे. याच तालुक्यातल्या अर्धशिक्षित म्हणवणाऱ्या बागाईतदारांनी पाहता पाहता ठिबक घेतले, डॉगरिज खुंटावर बागा नेल्या, संजीवकांची मात्रा दशलक्षांशांत मोजायला घेतली, युरोपच्या उर्वरित अंशाच्या मर्यादा तोंडपाठ केल्या. हे कसे झाले? द्राक्ष बागाईतदार संघाच्या चर्चासत्रांना लोक मांडी घालून बसत. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. गावोगाव खासगी सल्लागार फिरतात. त्यांना बागाईतदार ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि ते छाटणीपासून काढणीपर्यंत पुन्हा पुन्हा बागेत येतात. शेजाऱ्याची बाग बांधावरून दिसते. आणि माल उत्तम निघाला तर जास्त भाव देणारा निर्यातदार समोर असतो. यातले काहीही लेथवाल्याला नाही. शेजारचा वर्कशॉपवाला तर आपली रीत झाकून ठेवतो, कारण तो प्रतिस्पर्धी; दोन बागाईतदार एकमेकांचे तसे प्रतिस्पर्धी नसतात. माणूस तोच, बहुतेक वेळा घरही तेच. माझ्या चुलतभावाची दीड एकर बाग आहे, आणि बागेतला तो फार आधुनिक आहे.

उलट बाजूचे उदाहरणही तालुक्यातच आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प उभारला, तो २००२ मध्ये सुरू झाला. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणे थांबते. देशातल्या नावाजलेल्या कांदा बाजारपेठेच्या दारात असे तंत्रज्ञान, याहून योग्य जागा कोणती! पण कांद्याने त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. किरणांनी कोंब थांबतो, सड आणि वजनातली घट थांबत नाही; त्यासाठी साठवण सुधारावी लागते. कांदा काढणीनंतर थोड्याच दिवसांत तिथे न्यावा लागतो, भरणे-उतरणे दोनदा होते, आणि बाजार समितीत ‘किरण दिलेला’ म्हणून चार पैसे जास्त देणारा व्यापारी नसतो. शेतकऱ्याने त्यापेक्षा आपली चाळ बरी मानली. मग २००७ मध्ये अमेरिकेने विकिरण केलेला भारतीय आंबा घ्यायला परवानगी दिली, आणि कोकणचा हापूस लासलगावला येऊ लागला. कारण पलीकडे गिऱ्हाईक होते, त्याची अट लेखी होती आणि ती पाळली की नाही हे पाहायला अमेरिकेचा निरीक्षक स्वतः हजर राहत होता. विंचूरच्या वाइन पार्कबद्दलही थोडक्यात असेच म्हणता येईल. २००१ च्या धोरणाने करसवलत दिली, टाक्या उभ्या राहिल्या. पिणारा ठरल्या वेगाने वाढला नाही, आणि २००८ नंतरच्या मंदीत कितीतरी वाइनरींना कुलपे लागली.

माणूस येऊन सांगतो म्हणून उत्पादकता वाढते, हे भावनेचे बोलणे नाही. आपल्याच राज्याच्या कडेला त्याचा प्रयोग झाला आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांपैकी काहींना मोफत व्यवस्थापन सल्ला दिला, काहींना नाममात्र दिला, आणि फरक मोजला. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ला म्हणजे काय, तर यंत्राची देखभाल वेळच्या वेळी, दोषांची नोंद, सुताचा साठा मांडून ठेवणे, रोजची बैठक. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. आठ-नऊ वर्षांनी तीच मंडळी पुन्हा गेली, तेव्हा शिकवलेल्यांपैकी सुमारे निम्म्या पद्धती सुटलेल्या दिसल्या. व्यवस्थापक बदलला, मालकाला वेळ उरला नाही, ही त्याची कारणे. तरी न शिकवलेल्या कारखान्यांपेक्षा ते पुढेच होते. हे कारखाने निफाडच्या शेडपेक्षा कितीतरी मोठे, शेकड्यांनी कामगार असलेले. म्हणून १७ हा आकडा मी इथे लावणार नाही. पण सुटलेल्या निम्म्या पद्धतींची गोष्ट इथे तंतोतंत लागू आहे. एकदा येऊन शिकवणे पुरत नाही.

‘लीन’ योजना याच दिशेची आहे, आणि म्हणूनच तिच्याकडून मला अपेक्षा आहे. तिच्या जुन्या रूपात दहाएक कारखान्यांचा गट करून सल्लागाराचा ८० टक्के खर्च सरकार देत असे. गटाची अट तिथेच अडते, जिथे तिची गरज जास्त. औद्योगिक वसाहतीत एकाच धंद्याचे दहा जण एका हाकेवर असतात. निफाडमध्ये ते चाळीस गावांत विखुरलेले आणि एकमेकांकडे संशयाने पाहणारे. शिवाय सल्लागार येतो तो पायऱ्यांचा तक्ता घेऊन: पसारा आवरा, पिवळे पट्टे मारा, फलक लावा. एका शेडमध्ये मी असे पिवळे पट्टे पाहिले. त्यांच्या आत हबचा ढीग व्यवस्थित रचलेला होता आणि त्यातला प्रत्येक हब असमतोल होता. मालकाला आपल्या प्रमाणपत्राचा अभिमान वाटत होता आणि तो वाटणे चूक आहे असे मला म्हणवले नाही.

शेतीची विस्तारसेवा कारखान्याला लावण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा करून लहान कारखान्यांसाठी तशी केंद्रे काढली, ती शेतीच्याच नमुन्यावर. जपानमध्ये प्रांतोप्रांती सरकारी चाचणी केंद्रे आहेत. लहान कारखानदार मोडलेला तुकडा घेऊन तिथे जातो आणि का मोडला ते विचारतो. आपल्याकडेही हा विचार होता. फोर्ड प्रतिष्ठानच्या तज्ज्ञ मंडळाच्या शिफारशीवरून १९५४ मध्ये लघुउद्योगांसाठी केंद्रीय संघटना झाली, तिच्या सेवासंस्थांकडे वर्कशॉप होते, सुधारित हत्यारे दाखवत फिरणाऱ्या गाड्या होत्या. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ निघाले, ते हप्त्यांवर यंत्र देई. पुढे हप्ता, कर्ज, अनुदान हा भाग वाढत गेला आणि फिरत्या गाडीचा भाग आटला. कारण समजण्यासारखे आहे. वाटलेले अनुदान रुपयांत मोजता येते, विधिमंडळात सांगता येते. अमुक गावच्या अमुक शेडमध्ये बेअरिंग जायची थांबली, याचा तारांकित प्रश्न कोणी विचारत नाही.

यावर आक्षेप येईल तो खर्चाचा आणि माणसांचा. कृषी सहायकांची पदेच रिकामी राहतात, तिथे लेथसहायक कुठून आणणार? माझे उत्तर मर्यादित आहे. निफाडला शासकीय आयटीआय आहे. ओझरच्या कारखान्यातून मापाला पक्की झालेली माणसे दरवर्षी निवृत्त होतात आणि पुष्कळजण इथेच राहतात. आयटीआयच्या एका खोलीत तोल पाहण्याचे यंत्र, कठीणपणा मोजण्याचे यंत्र, चांगली मोजमापाची हत्यारे, आणि मानधनावर असे दोन निवृत्त फिटर. आठवड्यातले तीन दिवस त्यांनी खोलीत बसायचे, तीन दिवस मोटारसायकलवर शेडमधून फिरायचे. त्यांच्या वहीत मंजूर कर्जांचा आकडा नको. कोणाचा माल कशाने परत आला आणि पुन्हा गेले तेव्हा काय दिसले, एवढेच हवे. एका मोठ्या यंत्राच्या अनुदानात ही खोली काही वर्षे चालावी. जिल्हा पातळीवर सामाईक सुविधा केंद्रे आहेत, अंबडला इंजिनिअरिंग क्लस्टरही आहे. पण सात माणसांच्या शेडमधला मालक एक हब जोखायला दिवस मोडून अंबडला जात नाही, हे मी तीन वर्षांत पक्के शिकलो.

ही कल्पना मी चुलतभावाला सांगितली तेव्हा तो वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून ऐकत होता. म्हणाला, “खोली उघडेल तेव्हा उघडेल. काकांचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही सांगितलंय. छाटण्या तर सुरू झाल्या.” सायखेड्याच्या एका वर्कशॉपवाल्याने आपला पंखा पिकअपमध्ये टाकून आणला होता आणि तो घोड्यापाशी वाट पाहत उभा होता. आयटीआय झालेला एक नवा मुलगा पट्ट्यांची पातळी तपासत होता. काकांनी त्याला दोन रविवार शिकवले होते, तिसरा व्हायचा होता.